रशीद, तो नकाशा शिळा होता

रशीद,

परवा तुझी शोकसभा झाली आणि तिच्यात पहिलं भाषण तुक्काशास्त्र्याचं झालं.

हे नाव तूच ठेवलेलं. बाकीचं उदगीर त्याला हवामानतज्ज्ञ म्हणतं, कारण तो गळ्यात उपरणं टाकून मोबाईलपुढे उभा राहतो, आभाळाकडे बोट करतो आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या समुद्रातून महासंकट काढतो. स्टेजवर तुझा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोला त्याने वाकून नमस्कार केला, रुमाल डोळ्यांना लावला (डोळे कोरडे होते, मी दुसऱ्याच रांगेत होतो) आणि म्हणाला, "रशीदभाई माझ्याकडं यायचे. वादळाचे नकाशे कसे बघायचे ते मी त्यांना शिकवलं. मंडपवाला माणूस, पण शिकायची लई जिद्द."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आपल्या गावाला एवढंही कळत नाही. त्या टाळ्यांमध्ये माझ्या शाळेचे दोन शिक्षक होते, मोंढ्यातल्या धान्यबाजारातले आडते होते, आणि ज्यांच्या घरची लग्नं तू वाऱ्यापावसातून सुखरूप काढलीस असे निदान दहा बाप होते. एकाच्याही तोंडून निघालं नाही की, अहो, उलटं आहे.

माझ्याही नाही. मी बसून राहिलो. कब्रस्तानात तुला मिट्टी द्यायला आलो तेव्हा ठरवलं होतं की चार शब्द बोलायचे. सभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हणालो, आणि लोकांना वाटलं मास्तरला दुःख आवरत नाही. दुःख होतंच. पण मला गप्प बसवलं ते दुःखाने नाही. त्याचं कारण तुला ठाऊक होतं, म्हणून हे तुलाच लिहितोय.

आपण आठवीपर्यंत एका बाकावर बसलो. दहावीला तू नापास झालास आणि बापाबरोबर मंडपाच्या धंद्यात गेलास; मी शिकत राहिलो आणि भूगोलाचा मास्तर झालो. पुढे किती तरी वर्षं आपण नुसते रस्त्यात भेटल्यावर हात वर करणारे मित्र होतो. मग एका उन्हाळ्यात देवणीच्या बाजूला तुझा मंडप वाऱ्याने उडाला आणि लाकडी बल्ली हणमंतूच्या खांद्यावर पडली. हणमंतू तुझा जुना कारागीर, बिदरकडचा, निम्मं कानडी बोलणारा. त्याचा हात पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही. तू त्याला कामावरून काढलं नाहीस. त्याला खाली बसून दोऱ्या वळायचं काम दिलंस. आणि एका दुपारी शाळेत येऊन माझ्यासमोर उभा राहिलास.

"मास्तर, वारा कुठनं येतो ते शिकव."

मी खूश झालो. फळ्यावर गोल काढला. कमी दाबाचं केंद्र, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे वारे, समुद्राच्या पाण्याचं तापमान. वीस वर्षं जे बोललो होतो ते सगळं बोललो. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

"समजलं. आता सांग, येत्या शुक्रवारी दुपारी आपल्याकडं वारा सुटणार का न्हाई?"

"ते असं सांगता येत नाही, रशीद."

"मग हे पोरांना कामून शिकवून राहिलास?"

मी हसलो, पण मला ते लागलं होतं. मनात म्हणालो, नापास माणूस, याला काय कळणार शास्त्र. ही माझी पहिली घाण. पुढच्या घाणीपुढे ही काहीच नाही, पण सुरुवात इथून झाली हे तुला सांगायला हवं.

तू स्वतःच शोधायला लागलास. फोनची काच तडकलेली, इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचं, तरी शोधत राहिलास. पहिल्यांदा ती फोनमधली हवामानाची चित्रं बघायचास: अर्धा सूर्य, अर्धा ढग. आठ दिवसांत तुला त्यांचा वीट आला. "रोज अर्धा सूर्य दाखवतं. अर्ध्या सूर्यात मी अर्धा मंडप बांधू का?" मग वादळाच्या बातम्यांचे व्हिडिओ. त्यांच्याबद्दल तू जे बोललास ते लिहिता येणार नाही. लाल-जांभळा भोवरा, त्याच्या मधोमध कवटी, आणि एक बाई किंचाळते आहे की महाराष्ट्र हादरणार. भोवरा खरा होता, पण तो कुठल्या तरी दुसऱ्याच महासागरातला, कुठल्या तरी जुन्या वर्षातला.

शेवटी तू जे शोधून काढलंस ते दिसायला इतकं साधं होतं की मला पहिल्यांदा हसू आलं. सरकारी हवामान खात्याचा वादळाच्या मार्गाचा नकाशा. उपग्रहाचं राखाडी चित्र, दर अर्ध्या तासाने बदलणारं. हैदराबादच्या रडारचं चित्र. आणि वाऱ्याचे दोन नकाशे, दोन वेगवेगळ्या देशांच्या संगणकांनी मांडलेले. बस. एवढ्या पाच गोष्टी तू फोनमध्ये एका रांगेत लावून ठेवल्या होत्यास आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात दुपारचा चहा घेताना त्या क्रमाने उघडायचास. मी शाळा सुटल्यावर तिथे यायला लागलो. तुला मदत करायला येतो असं मी बायकोला सांगायचो. खरं तर शिकत मी होतो.

"आधी नकाशा बघू नको मास्तर, आधी त्याच्यावरचा टैम बघ. तारीख न्हाई, वेळ न्हाई, तो नकाशा न्हाई, कॅलेंडर हाय. आन हा टैम आपला न्हाई, लंडनचा हाय. ह्याच्यात साडेपाच तास मिळव."

मार्गाच्या नकाशावर वादळाच्या पुढे रुंदावत जाणारा पट्टा असतो, त्याला मी वर्गात शंकू म्हणायचो आणि मुलांना सांगायचो की एवढ्या भागात वादळ पसरणार. तू मला भर हॉटेलात अडवलंस. "तो वादळाचा आकार न्हाई रे. वादळाचं पोट कुठनं जाईल ते त्यांना पक्कं म्हाईत न्हाई, म्हणून तेवढी जागा सोडलीया. शंकू न्हाई मास्तर, शंका हाय ती. पाऊस त्याच्या भाईर बी पडतो." मी घरी जाऊन शोधलं. तुझं बरोबर होतं. मी किती वर्गांना चुकीचं शिकवलं ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

राखाडी चित्रात पांढरं दिसतं ते सगळं बरसतंच असं नाही. खरं बरसतंय का ते रडारवर बघायचं, पण रडारला लांबचं दिसत नाही, म्हणून लांबचं उपग्रहावर. दोन संगणकांचे नकाशे वेगवेगळं बोलत असले की कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. दोघं एक बोलायला लागले की दोऱ्या आवळायच्या. हे सगळं तू कुठल्याही पुस्तकाशिवाय, नुसतं रोज बघून आणि रोज आपल्या आभाळाशी ताडून काढलं होतंस. आणि गावाला त्याचं काय वाटायचं? "रशीद आता ढग विकतो का?" हॉटेलवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

तुक्काशास्त्री तेव्हा नुकताच प्रसिद्ध व्हायला लागला होता. तो एकदा आपल्या टेबलाशी आला, तुझा फोन उचलून बघितला आणि दोन दिवसांनी तेच चित्र त्याच्या व्हिडिओत, कोपऱ्यात त्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवून. मी संतापलो. तू पोट धरून हसलास. त्याने घाईत वाऱ्याच्या नकाशात उंचीची निवड बदलली होती आणि त्याला पत्ता नव्हता. "अरे, हा धा किलोमीटर वरचा वारा दाखवून राहिला! तिथं कुणाचं लगीन हाय?"

मी म्हणायचो, तू स्वतः का सांगत नाहीस लोकांना? गावाच्या ग्रुपवर टाक, लोकांचं भलं होईल. तू नाही म्हणायचास. "मी सांगणारा कोण? मी दोऱ्या बांधणारा. चुकलो तर माझ्या मंडपापुरता चुकतो." मला तो भित्रेपणा वाटायचा. यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. आता तुक्काशास्त्र्याचं भाषण ऐकल्यावर सांगतो, माझंच बरोबर होतं. तू रिकामी ठेवलेली खुर्ची त्या माणसाने बळकावली. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, खुर्ची माझ्याच दुकानातली हाय, मोजून परत घेईन.

आता प्रज्ञाच्या लग्नाचं बोलतो.

तीन वर्षं झाली. डिसेंबरातला रविवार, देगलूर रोडचं मोकळं मैदान, मुलाकडचे उमरीहून येणार. मंडप अर्थातच तुझा. पांढरं आणि निळं कापड तू नवीन आणलं होतंस, माझ्या लेकीसाठी जुनं वापरणार नाही म्हणून. बुधवारी दुपारी हॉटेलात तू चहा न सांगताच बसलास.

"मास्तर, मैदान सोड. बंगालच्या खाडीतलं वादळ आंध्राकडं येऊन राहिलंय. दोन नकाशे अजून भांडून राहिलेत, पण वाट बघू नको."

"ते मलाही माहीत आहे. किनारा कुठं, आपण कुठं! आणि हे बघ," मी फोन पुढे केला. सकाळीच नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला रंगीत नकाशा. वादळ किनाऱ्याला न लागता वळून बंगालकडे जाताना दाखवलं होतं. खाली तुक्काशास्त्र्याची ओळ: मराठवाड्याला धोका नाही, बिनधास्त लग्नं करा.

तू नकाशा दोन बोटांनी मोठा केलास. "ह्याच्यावर टैम कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"न्हाई. कापलाय. हे शिळं हाय मास्तर. वादळ बी हे न्हाई, दुसरं हाय. बघ, ह्याचं तोंड कुठं हाय आन आजच्याचं कुठं हाय."

हॉटेलात आठ-दहा लोक होते. त्यातले तीन माझ्या शाळेतले पालक. सगळे ऐकत होते. भूगोलाच्या मास्तरला मंडपवाला भूगोल शिकवतोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, किंवा मीच ते तिथे चिकटवत होतो. मैदान, स्वयंपाकी, पत्रिका, सगळं ठरलेलं. मी म्हणालो,

"रशीद, दहावीला भूगोलात किती मार्क होते तुला?"

लोक हसले. हॉटेलवाला सगळ्यात मोठ्याने. तू माझ्याकडे बघितलंस, रागाने नाही, जरा वेळ लावून, एखादी गाठ कशी सुटली ते बघावं तसं. मग म्हणालास, "अकरा." आणि उठून गेलास.

मला वाटलं होतं, तू काम सोडशील. मी मनातल्या मनात दुसरा मंडपवाला शोधूनही ठेवला होता. पण शुक्रवारी तुझी माणसं मैदानावर आली, खांब रोवले गेले, आणि मी विजयी चेहऱ्याने घरी गेलो. केवढा मूर्ख माणूस! शनिवारी दुपारी जाऊन बघतो तर खांब उभे, कनाती बांधलेल्या, वर उघडं आभाळ. तू एका खुर्चीवर बसून फोन बघत होतास.

"छत कुठंय?"

"छत लागणार न्हाई."

"रशीद, उद्या लग्न आहे!"

"म्हणूनच. लगीन मोंढ्याच्या शेडात."

मी ओरडायला लागलो. तू मला ओरडू दिलंस आणि मग फोन माझ्यापुढे धरलास. वादळ पहाटे किनाऱ्यावर चढलं होतं. टीव्हीवरून ते सकाळीच नाहीसं झालं होतं. तिथे आता वादळ संपलं, सुटकेचा निःश्वास, असं चालू होतं. तुझ्या फोनवर पांढरा ढीग तेलंगणावर पसरलेला आणि दर चित्राला आपल्या बाजूला सरकणारा. मग तू दोन संगणकांचे नकाशे दाखवलेस. बुधवारी ते दोघं भांडत होते, तूच म्हणाला होतास. आता दोघांचाही निळा डाग रविवारी दुपारी बिदर-उदगीरवर.

"वादळ मेलं म्हणून सांगून राहिलेत, मास्तर. वारा मेला. पाणी कुठं गेलं? मेलेल्या म्हशीचं वजन कमी होतं का?"

आभाळ तेव्हा निरभ्र होतं. ऊन पडलं होतं. मी म्हणालो, "कर काय करायचं ते. माझ्या पोरीच्या लग्नाचा तमाशा झाला तर तोंड दाखवू नकोस."

हो, हेही म्हणालो. घरी येऊन सुजाताला सांगितलं तर ती म्हणाली, "रशीदभाऊ म्हणतात ते ऐका. तुमचं ऐकून आपण गेल्या वर्षी पापड भिजवले." माझ्या बायकोला माझ्या भूगोलाची किंमत माझ्यापेक्षा आधी कळली होती.

रविवारी मोंढा बंद असतो. सौद्याचं मोठं पत्र्याचं शेड तू बुधवारीच बोलून ठेवलं होतंस, हॉटेलातून उठून सरळ तिकडे गेला होतास. माझ्या त्या प्रश्नानंतर. मैदानावरचे खांब होते ते मी दुसरा मंडपवाला बोलवू नये म्हणून. तुझी माणसं आणि मोंढ्यातले हमाल यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत पोती एका बाजूला रचली, फरशी धुतली, आणि ते पांढरं-निळं कापड पत्र्याच्या खाली आतून ताणून बांधलं. हणमंतूने खाली बसून सगळ्या गाठी मारल्या. सकाळी प्रज्ञा आत आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, हे तर मैदानापेक्षा छान आहे!"

दहाला झिमझिम सुरू झाली. अकराला धारा. बाराला भंतेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं तेव्हा पत्र्यावर इतका आवाज होता की मागच्या रांगेला ओठ बघून म्हणावं लागत होतं. उमरीचे लोक मात्र कोरडे बसले होते, चपला दारात, लहान मुलं पोत्यांवर. मी नव्या जावयाच्या बाजूला उभा होतो आणि मला इतकी लाज वाटत होती की आनंदाला आत यायला जागाच नव्हती.

जेवणं सुरू झाली तेव्हा कुणीतरी सांगत आलं, नळेगाव रोडच्या लग्नात मंडपाचं छत पाण्याने भरून बसलं, आचारी आणि दोन बाया खाली सापडल्या. ते काम तुझं नव्हतं. तुझ्याशी वाकडं असलेल्या माणसाचं होतं. ज्यांचं लग्न होतं त्यांनी तुक्काशास्त्र्याची ती ओळ बघून मैदान कायम ठेवलं होतं, हे नंतर कळलं. तू हातातलं ताट ठेवलंस, चार माणसं आणि सुऱ्या घेऊन टेम्पोत बसलास. छताच्या दोऱ्या कुठून कापायच्या म्हणजे पाणी माणसांवर न येता बाजूला जाईल, हे त्या पावसात तुझ्याशिवाय कुणाला सुचणार होतं? तिघांनाही बाहेर काढलंस. एका बाईचा पाय मोडला होता, बाकी जीव वाचला. पुढच्याच आठवड्यात तुक्काशास्त्र्याने व्हिडिओ काढला की मी आधीच इशारा दिला होता. त्याला शेकडो लोकांनी हात जोडले. काय बोलायचं या लोकांना? ज्याने बुडवलं त्यालाच हे आरती ओवाळतात, कारण त्याच्या गळ्यात उपरणं असतं.

पण मी त्याच्यावर थुंकायला कितपत लायक आहे? ऐक.

तू परत आलास तेव्हा पंगत उठत होती. माझे व्याही, सोनकांबळे, उमरीचे मोठे मानाचे गृहस्थ, माझा हात हातात घेऊन उभे होते. चारचौघं भोवती. ते म्हणाले, "मास्तर, भूगोलाचा माणूस व्याही मिळाला म्हणून निभावलं बघा. मैदानावर असतो तर काय झालं असतं आमचं?"

आणि मी म्हणालो, "चार दिवस नकाशेच बघत होतो ना."

हे म्हणताना मला तू दिसलास. दारात. डोक्यावरून पाणी गळत होतं, खांद्यावर ओला टॉवेल, हाताला चिखल. दोन पावलांवर होतास. ऐकलं नाहीस असं म्हणायची सोय नव्हती. मी तुझ्याकडे बघितलं. अजूनही वेळ होती. "मी नाही, हा बघत होता," एवढंच म्हणायचं होतं.

तू हसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "हाव, मास्तर लई बघतो. जेवण हाय का माझ्यासाठी काही?"

त्यानंतर तीन वर्षं आपण त्याच टेबलावर चहा पीत राहिलो. उपसागरात काही हललं की दुपारी तुझा फोन यायचा, "बघितलास का?" मी बघितलेलं असायचं. मला येत होतं आता, चांगलं येत होतं. वर्गात मी मुलांना नकाशावरची वेळ आधी बघायला शिकवत होतो आणि तुझं नाव सांगत नव्हतो. तू एकदाही तो विषय काढला नाहीस. मी शंभर वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोललो. माणूस स्वतःची चूक तोंडातच फिरवत बसतो, गिळत नाही, थुंकत नाही.

मग तू आजारी पडलास. लातूरच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवूनच आलो होतो. शाहीन भाभी बाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, थोडंच बोला, दम लागतो. तू मला बघून पहिलं काय विचारलंस? "खाडीत काय हाय?" तुझा चष्मा भाभींकडे राहिला होता, म्हणून मी फोन काढून वाचून दाखवायला लागलो. अंदमानच्या बाजूला कमी दाब. वेळ वाचली सकाळचे सहा.

"साडेपाच मिळवलेस?" तू डोळे मिटूनच विचारलंस.

नव्हते मिळवले. तू म्हणालास, "साडेअकरा झाले मग. ताजं हाय. वाच पुढं." मी पुढं वाचत राहिलो. भेटीची वेळ संपली. दाराशी वळून म्हणणार होतो, तेवढ्यात नर्स आली. नर्सचं निमित्त. खरं सांगतो, तिला बघून मला हायसं वाटलं. इतका हलका माणूस तुझा मित्र होता.

चार दिवसांनी तू गेलास. अंदमानचं ते पाणी समुद्रातच विरून गेलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीने उमरीला गेलो. नांदेडला गाडी बदलली. सोनकांबळे ओट्यावर बसले होते. मला एकट्याला बघून दचकले. माझ्या घरी काही झालं का, असं त्यांना वाटलं असावं. मी पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं: लग्नाच्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. मैदान मी सोडत नव्हतो. शेड मी घेतलं नाही. नकाशे रशीद बघत होता, मी त्याचा हॉटेलात चारचौघांत अपमान केला होता, आणि वर त्याच्या कामाचं श्रेय त्याच्याच समोर घेतलं.

सोनकांबळे ओट्यावर जरा बाजूला सरकले. मग म्हणाले, "बसा, मास्तर. आम्हाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"सगळं. गुरुवारी रशीदभाईंचा फोन आला होता. म्हणाले, रविवारी उजाडायच्या आत निघा, दुपारी रस्त्यात पाणी लागंल, आन लगीन मोंढ्यात हाय, मैदानावर जाऊ नका. मी म्हणलो, मास्तर तर मैदान म्हणून राहिलेत. तर ते म्हणाले, मास्तर आईकतील. तुमी मात्र लग्नात त्यांनाच विचारा, त्यांचीच तारीफ करा. पोरीचा बाप हाय, त्या दिवशी त्याची मान वर राहू द्या."

त्यांच्या सूनबाईने, माझ्या प्रज्ञाने, आतून येऊन माझ्यापुढे चहा ठेवला. तिलाही माहीत होतं. सगळ्या घराला तीन वर्षं माहीत होतं, आणि मी दर सणाला इथे येऊन भूगोलाच्या मास्तरचा मान घेऊन जात होतो.

रशीद, मला तुझा राग आलाय. तुक्काशास्त्र्याचा नाही, तो काय, वाऱ्यावरचा कागद आहे. तुझा. त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या टॉवेलाने, सगळ्यांसमोर तू म्हणायला हवं होतंस, मास्तर खोटं बोलू नको. मी चिडलो असतो, महिनाभर अबोला धरला असता, मग एखाद्या दुपारी येऊन तुझ्यासमोर बसलो असतो आणि माफी मागितली असती. मला जमलं असतं. तू मला तेवढ्याही लायकीचा समजला नाहीस, की त्याहून जास्त समजलास, हे आता कोण सांगणार?

प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, चहा घ्या, गार होतोय." मी घेतला. मग ओट्यावर बसून, व्याही, लेक, शेजारचे दोघं ऐकत असताना, देवणीच्या मंडपापासून सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, तुझ्या नावाने.